एसएमपीएस घेताना वॅटच्या आकड्याआधी लेबल वाचा

कोअर आय-५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असलेल्या नव्या संगणकासाठी दुकानदार कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’चा एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) जवळजवळ फुकट देत आहे, तो घ्यावा का, आणि दिवसातून दोन-तीनदा लाइट जात असल्याने घरातला ६०० व्हीएचा यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारे उपकरण) पुरेल का, असे आपण विचारले आहे. तो एसएमपीएस घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातच त्याच्या बाजूचे लेबल वाचून पाहावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेने घेतात, त्यामुळे लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर छापले आहेत, एवढेच आधी पाहावे. तिथे २० अँपिअर असतील, तर गुणाकार २४० वॅटच होतो. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात आणि आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नसतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये याच ठिकाणी ४५ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो.

आपली गरज मोजायला सोपी आहे. कार्ड १७० वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅट आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासएक, म्हणजे एकूण साधारण ३४० वॅट. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याहून बराच जास्त प्रवाह ओढते, म्हणून ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस केली आहे आणि ती मला योग्य वाटते. ६५० वॅटचा मिळाला तर उत्तमच. १००० वॅटवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी बहिणीच्या घरी मी असाच कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस चालू ठेवला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट जाऊन परत आली, फटाक्यासारखा आवाज झाला आणि मदरबोर्डसह हार्ड डिस्कही गेली. भाच्याच्या लहानपणीचे सगळे फोटो त्या डिस्कवरच होते, आणि त्याची खंत मला आजही आहे. दुरुस्ती करणाऱ्याने तो एसएमपीएस उघडून दाखवला, तेव्हा सर्किट बोर्डावर फिल्टरच्या (येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) कॉइलसाठी जागा छापलेली होती, परंतु कॉइल बसवलेलीच नव्हती. तिच्या जागी तारेचे दोन तुकडे डाखले होते. (एसएमपीएस स्वतः मात्र कधीही उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक असू शकतो.) म्हणून जास्त दाब, जास्त प्रवाह, शॉर्ट सर्किट आणि अतिउष्णता या चारही गोष्टींपासून संरक्षण असल्याचे कंपनीने लेखी दिलेले असावे आणि वॉरंटी किमान ५ वर्षांची असावी.

‘८० प्लस’च्या ब्राँझ किंवा गोल्ड शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो फक्त कार्यक्षमता सांगतो. पुरवठा किती स्थिर आहे किंवा संरक्षण कसे आहे, याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय ती चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या बंद खोलीत, त्यातही कॅबिनेटच्या आत, काय तापमान असते हे आपण जाणताच. म्हणून ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॅट देण्याची हमी आहे का आणि कपॅसिटर १०५ अंशांपर्यंत चालणारे आहेत का, हे तपासावे. एवढे असेल तर ब्राँझ आपल्याला पुरेसा आहे.

आता यूपीएस. ६०० व्हीएचे यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच देतात. गेम चालू असताना मॉनिटरसह आपला भार तिथवर सहज पोहोचेल, म्हणून १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. लाइट जाऊन यूपीएस बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ संगणक एसएमपीएसमधल्या साठ्यावर चालतो. चांगला एसएमपीएस मोठ्या भारावरही सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातला तेवढा टिकत नाही, आणि मग यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होतो. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज लाइनमधून समप्रमाणात ओढणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर बंद पडतात, त्यामुळे जमल्यास शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस निवडावा.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा एसएमपीएसचा नसून सॉकेटच्या अर्थिंगचा असतो. अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट येऊन राहतात. प्रवाह अत्यल्प असला तरी तसे चालवू नये. नवा एसएमपीएस जोडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. पुढे कधी मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) एसएमपीएस बदललात, तर जुन्या केबल नव्याला लावू नयेत. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी वेगळी असल्याने डिस्क पहिल्याच क्षणी जळू शकते.