इंजिनाआधी काउल बघ
१९६६ची फोर्ड मस्टँग घेतलीस, फार आनंद झाला! पण इंजिनाला इतक्यात हात लावू नकोस. आधी काउल, म्हणजे पुढच्या काचेखालचा पत्र्याचा कप्पा, तपास. वायपरजवळच्या जाळीतून पाणी ओत आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघ. आत पाणी टपकलं तर काउल गंजलंय समज. ते दुरुस्त केल्याशिवाय फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा) बदललंस तर नवा पत्राही सडेल. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस.

मग ब्रेक. त्या वर्षीच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाला, एकच कप्पा असतो. एखादी लाइन फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन कप्प्यांचा बसव. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावणार असशील तर पुढे डिस्क, मागे ड्रम अशा जोडीला चालणाराच घे. २८९ घन इंची व्ही-८ इंजिनाची ताकद नंतर खुशाल वाढव. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नकोस, स्टँड लावच.