आधी प्रत, मग आठवण

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी सतराच्या सतरा ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न एकच, 'अकिरा' हा १९८८चा जपानी ॲनिमेशनपट पहिल्यांदा बघितला तेव्हा काय झालं. चौदा जणांचं उत्तरही एकच: डोकं फिरलं. उरलेल्या तिघांनी तुझं डोकं फिरवलंय. एक म्हणतो, मध्यंतरानंतर सिनेमा कळेनासा झाला. दुसरी म्हणते, सिनेमातला तेत्सुओ चंद्र फोडतो तेव्हा ती रडली. तिसरा शपथेवर सांगतो की सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता. आणि तू विचारतेस, काका, या तिघांना गाळू का, लोक खोटं का बोलतात?

अगं, ते तिघेच कामाचे आहेत. चौदा 'डोकं फिरलं' घेऊन तू करणार काय, लोणचं घालणार?

आधी प्रत, मग आठवण. हे पहिल्या भेटीत सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि घरी जाऊन 'तुम्हाला काय वाटलं' विचारत सुटलीस. वाटण्याला धरबंध नसतो, तीस वर्षांत त्याच्यावर किती पुटं चढली ते त्या माणसालाही ठाऊक नसतं. कॅसेटचं तसं नाही. ती कुठल्या देशातली, कोणत्या आवाजातली, कितव्या हाताची, हे विचारलं की माणूस थबकतो, आठवायला लागतो, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

ब्लॅक अँड व्हाइटवाल्याला आजच फोन कर. कॅसेट कुठून आली होती ते विचार. अमेरिकेहून कोणी आणली असेल तर ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची, आणि आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे. काही व्हीसीआर ती कॅसेट चालवून द्यायचे, पण तिच्यातला रंगाचा संकेत पाल टीव्हीला वाचता यायचा नाही. चित्र उमटायचं ते बिनरंगाचं, कधी वरखाली सरकत. म्हणजे हा माणूस जे पाहिलं तेच अचूक सांगत असणार. ज्या सिनेमात ३२७ रंग वापरले, त्यातले ५० खास त्याच्यासाठी तयार केले, त्यातला एकही याच्या वाट्याला आला नाही आणि तरी तो अजून विसरलेला नाही. सतरातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि तू तीच गाळायला निघालीस!

मध्यंतरवाल्याचं तर आणखी सोपं. 'अकिरा' १२४ मिनिटांचा आहे, त्यात मध्यंतर नाही. व्हिडिओ सीडीवर मात्र ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून सिनेमा दोन सीड्यांवर यायचा. त्याचं मध्यंतर म्हणजे सीडी बदलणं. आता पुढचं विचार: पहिली सीडी कुठल्या दृश्यावर संपली? बदलायला कोण उठलं? दुसरी लगेच लावली की जेवण करून? सीडी कुठे तोडायची हे कॉपी करणाऱ्याने ठरवलेलं असायचं, दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोंनी नव्हे. चढत चाललेला ताण मध्येच तुटला आणि वीस मिनिटांनी पुन्हा जोडला, तर शेवट कळेनासा होणारच. दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडणारे कितीतरी जण खरं म्हणजे त्या दोन सीड्यांवर रागावलेले असतात.

चंद्रवालीशी जरा जपून. सिनेमात तेत्सुओ अंतराळात जाऊन सोल नावाचा उपग्रह फोडतो. चंद्रावर घाव बसतो तो ओतोमोंच्याच मूळ चित्रकथेत. ती १९८२ला सुरू होऊन १९९०ला संपली, म्हणजे सिनेमा आला तेव्हा पुरी झालेलीसुद्धा नव्हती. पुढे तिचे सहा जाडजूड खंड झाले. अमेरिकेत १९८८पासून ती रंगवून छापली जात होती. चंद्रवालीला चूक दाखवू नकोस. आधी हातात काय आलं, पुस्तक की कॅसेट, एवढंच विचार. उद्ध्वस्त शहरात तेत्सुओने उभारलेलं साम्राज्य कोणाला सिनेमात आठवलं, तरी हाच प्रश्न. दोन वाचनं आणि एक बघणं मिळून एक 'पहिली वेळ' तयार झालेली असते. तू ती सोडवून वेगळी करायची नाहीस, फक्त समासात नोंदवायचीस.

आता प्रत ओळखायची कशी. 'तुमची आवृत्ती कोणती' असं विचारलंस तर समोरचा तोंडाकडे बघत राहील. त्याऐवजी त्याला ओरडायला सांग. हसू नकोस. या सिनेमात कानेदा आणि तेत्सुओ ही दोन पोरं एकमेकांच्या नावाने सतत ओरडत असतात आणि ती हाक बाकी सगळं विसरलेल्यालाही आठवते. 'कनेऽडा' असा मधल्या अक्षरावर जोर आला तर बहुधा १९८९चं स्ट्रीमलाइन कंपनीचं इंग्रजी डबिंग. 'कानेदा' असं सपाट आलं तर २००१चं पायोनियर कंपनीचं, किंवा मूळ जपानी. आवाज ओळखीचा वाटला होता का, हेही विचार. १९८९च्या डबिंगमध्ये कानेदाचा आवाज कॅम क्लार्कचा आहे, आणि निन्जा टर्टल्सच्या जुन्या मालिकेतला लिओनार्दोही तोच. 'कासवासारखा बोलत होता' असं कोणी म्हणालं तर वेड्यात काढू नकोस, तारीख लिहून घे.

ओठ जुळत नव्हते, ही तक्रार तुझ्या पाच मुद्रणांत आहे आणि पाचही जणांनी ती चित्रकारांवर ढकललीय. उलट आहे. जपानमध्ये तेव्हा चित्रं आधी आणि आवाज नंतर अशी रीत होती. इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ओठ त्या जपानी स्वरांवर काढले. ते इतके चोख काढले म्हणूनच इंग्रजी शब्द त्यांवर चढवल्यावर फट जास्त दिसते. म्हणजे ही तक्रार करणाऱ्याने डब केलेली प्रत पाहिली, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. पाचही ठिकाणी तू नुसतं 'अच्छा' म्हणून पुढे गेलीस.

मग पडदा. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या का? जुन्या चौकोनी टीव्हीवर सिनेमाची पूर्ण रुंदी दाखवायची तर उंचीतला २८ टक्के भाग काळा ठेवावा लागतो. २१ इंची टीव्हीवर चित्र उरतं जेमतेम नऊ इंच उंच. पट्ट्या नकोत म्हणून चौकट भरली तर रुंदीतला तेवढाच भाग कापला जातो, आणि दोन टोळ्यांच्या मोटरसायकली दोन्ही कडांनी आत घुसतात त्या पाठलागात अर्ध्या गाड्या चौकटीबाहेरच राहतात. 'कोण कोणाला मारतंय कळत नव्हतं' हे वाक्य मग सिनेमावरची टीका उरत नाही.

रंगाचं एक बारीक सांगतो. व्हीएचएसवर उजळपणाचे आडवे तपशील कसेबसे २४० रेषांइतके टिकतात, रंगाचे चाळीसेक. लाल सगळ्यात आधी ओघळतो. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं होत गेलं की कानेदाची लाल गाडी स्वतःच्या कडांबाहेर सांडते. आणि गंमत अशी की मागच्या दिव्यांच्या प्रकाशाच्या रेघा रात्रीच्या रस्त्यावर रेंगाळतात त्या मुद्दाम काढलेल्या आहेत. तिसऱ्या हाताच्या कॅसेटवर बघणाऱ्याला त्या टेपचा दोष वाटू शकतात. पुढच्या मुलाखतीत हे नक्की विचार: त्या रेघा दिसल्या तेव्हा कोणी उठून टेपवरचं चित्र सुधारायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं का?

वेगही विसरू नकोस. पाल कॅसेटवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी पळतो. १२४ मिनिटांची साधारण ११९ होतात आणि आवाज अर्ध्या स्वराहून थोडा कमी, पण चढतो. गेइनो यामाशिरोगुमीच्या संगीतातला बालीचा बांबूचा ठेका ज्याने त्या वेगात ऐकला, त्याला पुढे ब्ल्यू-रेवर तोच ठेका जड वाटतो आणि तो म्हणतो, 'पहिल्यांदाची मजा गेली.' त्याचं मन म्हातारं झालेलं नाही गं. ठेकाच चार टक्क्यांनी उतरलाय.

आणि एक सापळा, ज्यात तू स्वतः पडलीस. अकराव्या मुद्रणात तो म्हणतो की २०२०चं ऑलिंपिक रद्द होणार हे त्याला पहिल्याच वेळी खटकलं होतं. तू खूश होऊन 'वा!' म्हणालीस, मुद्रणात ऐकू येतंय. सिनेमातल्या फलकावर ऑलिंपिकला १४७ दिवस उरल्याचं लिहिलंय, तो आकडा कोणालाही वाचता येतो. रद्द करा असं जे खाली खरडलंय ते जपानीत आहे. याला जपानी येतं? ते कोणी वाचून दाखवलं? टोकियोला ते ऑलिंपिक मिळालं २०१३मध्ये, पुढे ढकललं २०२०च्या मार्चमध्ये, आणि तेव्हा ते चित्र सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. तिथून उचललेलं मागे नेऊन पहिल्या वेळेला चिकटवलंय. मुद्दाम नाही. १९८६च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघातानंतर मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसरनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कशी कळली ते दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं, अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं, तर पुष्कळांचं उत्तर बदललेलं आणि खात्री मात्र पक्की. खात्रीला भुलू नकोस. पुरावा मोघम नसतो, तो कॅसेटच्या डब्यावर असतो.

बैठकीचं तंत्र थोडक्यात. पहिली दहा मिनिटं तू एकाही दृश्याचं नाव घ्यायचं नाही. मोटरसायकल नाही, दूध गळणारी खेळणी नाहीत, स्टेडियम नाही. तू नाव घेतलंस की ते त्याच्या आठवणीत जाऊन बसलं. तो थांबला तर मनात आठ आकडे मोज, मग बोल. वर्ष विचारू नकोस, चुकतंच. कितवीत होतात, कोणत्या घरी, गणपतीच्या आधी की नंतर, हे विचार. त्यानंतर प्रतीचे प्रश्न. चित्रं दाखवायची असतील तर सगळ्यात शेवटी, आणि ती दाखवल्यानंतरचं बोलणं वेगळ्या खुणेखाली. फोन विमान मोडवर, घडी केलेल्या पंचावर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद, कुकर आधीच उतरवलेला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका वाहिनीची वेव्ह फाइल ठेव, तासाला साधारण ५२० एमबी लागतात. एका तासाचं लिहून काढायला चार ते सहा तास जातात, आणि त्यातले 'ते हे', 'म्हणजे कसं' पुसायचे नाहीत.

लहानपणी बघितलेल्यांशी सांभाळून बोल. मोठ्यांनी 'कार्टूनच आहे, बघू दे' म्हणून लावून दिलेलं असतं, आणि मग तेत्सुओच्या मैत्रिणीवरचा, काओरीवरचा हल्ला, शेवटी तेत्सुओचं मांस फुगून तिला चिरडतं ते. कोणी विषय बदलला तर बदलू दे. तिथे प्रतबित विचारत बसू नकोस. एवढी सूट मी देतो.

तू लिहिलंस की हे सगळं फार कारकुनी वाटतं, आठवणीतला जीव जाईल. हे मला बरेच जण सुनावतात, कॅसेटचा कारकून म्हणतात. म्हणोत. जीव कशात असतो सांग? 'डोकं फिरलं' यात? की बिनरंगी, घरंगळणाऱ्या चित्रापुढे श्वास रोखून बसलेल्या त्या पोरात? प्रत न विचारता गोळा केलेल्या मुलाखतींचे दोन डबे माझ्याकडे पडून आहेत. त्यातली माणसं आता पुन्हा भेटायची नाहीत, आणि त्या मुलाखती सगळ्या एकाच माणसाच्या वाटतात. म्हणून हट्ट धरतो. चुकत असेन तर तुझे तिघे पुन्हा बोलल्यावर मला सांग, त्याआधी नाही.

तुझी स्वतःची आठवण प्रस्तावनेत घालू का, हे विचारलंयस. तुझी प्रत कोणती? २०२०नंतरची फोर-के असेल तर अठरावी म्हणून जोड, तेच प्रश्न स्वतःला विचारून. प्रस्तावना नको.

त्या मावशींकडे, ज्यांच्या भावाची मूळ कॅसेट माळ्यावर आहे, फोनवर भागवू नकोस, जा. कॅसेट मिळाली तरी व्हीसीआरमध्ये घालायची नाही. आधी वरच्या खिडकीतून रिळाच्या कडा उजेडात बघ. पांढरी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. चालवलीस तर मशीनच्या हेडला लागेल आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला. कोरड्या पिशवीत बंद करून उभी ठेव आणि माझ्याकडे घेऊन ये. निघण्याआधी डब्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढ, आणि लेबलवर 'अकिरा' हाताने कसं लिहिलंय ते आहे तसं, चुकीसकट, उतरवून घे.