ईस्टरला रोम-फ्लॉरेन्स: आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर

सत्तरीतले आई-बाबा, दोन लहान मुलं आणि २०२७ च्या ईस्टरच्या सुट्टीत सहा दिवसांत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असा तुमचा बेत आहे. गर्दी झेपेल का, हा तुमचा प्रश्न. माझं ऐकाल तर आधी व्हेनिस काढून टाका. तिथे पावलोपावली पूल आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना आणि बाबागाडीला ते शहर फार जड जातं. त्याच दिवसांत उरलेली दोन शहरं निवांत होतील.

आम्ही जर्मनीहून सासू-सासऱ्यांना घेऊन याच सुट्टीत गेलो होतो. त्यातून कळलं ते असं की गर्दीपेक्षा बंद दारं जास्त अडवतात. गुड फ्रायडेला इटलीत सरकारी सुट्टी नसते, दुकानं-गाड्या रोजच्यासारख्या चालू. सुट्टी असते ती ईस्टरचा रविवार आणि त्यानंतरचा सोमवार. या दोन्ही दिवशी व्हॅटिकन म्युझियम बंद. एरवी महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे मोफत प्रवेश असतो आणि २८ मार्च हा शेवटचाच रविवार आहे. पण त्या दिवशी ईस्टर असल्याने तोही नाही. म्हणून रोम रविवारच्या आधी उरका.

मी असं करीन: बुधवारी संध्याकाळी रोममध्ये पोहोचायचं, मुक्काम प्राती भागात. रस्ते सपाट, मेट्रो जवळ, व्हॅटिकन चालत. गुरुवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियम. शुक्रवारी कलोसियमची अगदी सकाळची वेळ घ्या, कारण त्या रात्री तिथे पोपांच्या 'क्रूसाच्या वाटे'ची प्रार्थना असते आणि कलोसियम लवकर बंद करतात. प्रार्थना रात्री सव्वानऊला सुरू होते. मशालींच्या उजेडातलं ते दृश्य फार गंभीर, सुंदर असतं. पण तासन् तास उभं राहावं लागतं. तुमच्यापैकी एकाने जावं, दुसऱ्याने मुलांजवळ थांबावं. शनिवारी वेगवान गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स. तिथे स्टेशनजवळच राहा.

आता रविवार. यासाठीच मी तुम्हाला फ्लॉरेन्सला पाठवते आहे. कॅथेड्रलसमोर सकाळी अकराच्या सुमारास 'स्कोप्पियो देल कार्रो' होतो, म्हणजे दारूकाम भरलेल्या गाड्याचा स्फोट. हा दुमजली घराएवढा उंच, रंगवलेला लाकडी गाडा पांढरेशुभ्र बैल ओढत आणतात. डोक्यावर फुलं घातलेले ते बैल वळणावरून दिसले आणि माझे सासरे म्हणाले, "अगं, हा तर आपला पोळा!" आयुष्यभर शेती केलेला माणूस, त्या परक्या चौकात त्यांचे डोळे भरून आले. मग चर्चमधल्या वेदीपासून एक तार थेट गाड्यापर्यंत येते, तिच्यावरून कबुतराच्या आकाराचा अग्निबाण सुसाटत बाहेर येतो आणि गाडा पेट घेतो. नीट पेटला तर पीकपाणी चांगलं, असं तिथले लोक मानतात. आवाज मात्र जबरदस्त. धाकट्याच्या कानांना बंद करणारे हेडफोन न्या आणि मागच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. आम्ही साडेआठलाच जागा धरली होती. तुमच्या वेळी आदल्या रात्री घड्याळं एक तास पुढे जाणार आहेत, त्यामुळे झोप तासभर कमीच मिळेल.

शनिवारीच दूध, ब्रेड, फळं, दही भरून ठेवा. आम्ही ते केलं नाही. रविवारी रात्री दूध संपलं, गल्लीतली सगळी शटरं खाली. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या बाईंनी कागदी ग्लासात दूध कोमट करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

सोमवारी शहरातले लोक डबे घेऊन बाहेर पडतात. तुम्हीही बसने फिएझोलेच्या टेकडीवर जा. वरून सगळं फ्लॉरेन्स दिसतं. उफीत्सी, म्हणजे तिथली मोठी आर्ट गॅलरी, सहसा सोमवारी बंद असते, ती मंगळवारी सकाळी.

तिकिटांचं: व्हॅटिकनची साधारण दोन महिने आधी, कलोसियमची महिनाभर आधी अधिकृत साइटवर येतात. मधल्या दलालांकडून घेऊ नका. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात, तेव्हा पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव घाला. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिथेच घोळ होतो. १८ वर्षांखालच्यांना कलोसियम आणि उफीत्सी मोफत, तरी शून्य किमतीचं तिकीट काढावंच लागतं. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईंच्या साडीला काहीच अडचण नाही, तुमच्या मुलांच्या हाफपँटकडे बघा.

खाण्याचं थोडक्यात. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या आणि पेकोरीनोमध्ये सहसा कोकराच्या पोटातलं विरजण असतं. कडक शाकाहारी असतील तर 'सेन्झा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, एवढं सांगायला शिका. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच असतं. रोमच्या ज्यू वस्तीत आख्खं आर्टिचोक (कळीसारखी एक भाजी) फुलासारखं उलगडून तळतात. सासूबाईंनी दोन खाल्ली. तिथे गुरुवारीच जा, शुक्रवारी संध्याकाळपासून शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, तिथली बरीच हॉटेलं बंद होतात.

आईंना सलग किती चालवतं आणि जिने कितपत जमतात ते कळवा. त्यावरून म्युझियममध्ये व्हीलचेअर घ्यायची का, ते सांगते.