रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवली तर स्वयंपाक शिळा होतो का? दोघंही नोकरीला असतील तर कसं जमवावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय ना की सासूबाईंच्या मते फ्रीजमध्ये ठेवलं ते सगळं शिळंच, ते वाचून राहवलं नाही. मी 18 वर्षं डोंबिवलीहून मुंबईला नोकरी केली, सकाळी सव्वासातला घर सोडायचं आणि रात्री आठला आत पाय. लेडीज डब्यात बायका मेथी निवडतात, मटार सोलतात, ते काही हौस म्हणून नाही.

तर एकदा नवऱ्याची आत्या महिनाभर राहायला आली होती. रविवारी मी नेहमीसारखं वाटण केलं, कांदा उभा चिरून तेलावर चांगला काळपट होईपर्यंत भाजला, सुकं खोबरं वेगळं भाजलं कारण ते पटकन करपतं, मग गार करून अगदी थोड्या पाण्यात वाटलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाकलं. मटकी शनिवारी रात्री भिजवलेली, रविवारी फडक्यात बांधली, सोमवारी मोड आल्यावर डब्यात घालून फ्रीजमध्ये. बुधवारी घरी आल्यावर वीस मिनिटांत गरमागरम उसळ! आत्याबाईंनी दोनदा मागून घेतली. मग बर्फ काढायला उठल्या आणि तो ट्रे दिसला. ‘हे रविवारचं? मला शिळं घातलंस?’ आणि ताट सरकवलं. नवरा खाली मान घालून जेवत राहिला आणि मी रात्री साडेनऊला परत कढई ठेवून पिठलं टाकलं.

तेव्हा बोलले नाही ते आज लिहिते. याच आत्याबाई उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे घालायच्या, वर्षाचा गोडा मसाला करायच्या, थालीपिठाची भाजणी डबा भरून ठेवायच्या. ती बेगमी आणि माझं वाटण शिळं? शिळी भाजी असते. वाटण, मोड, निवडलेली मेथी ही तयारी आहे, शिजतं त्याच दिवशी.

तुमच्यासाठी सांगायचं तर भाजीच्या आयुष्याप्रमाणे वार ठरवा. पालेभाजी सोम-मंगळ, भेंडी-फ्लॉवर मधे, मग कडधान्य, शुक्रवारी बटाटा किंवा पिठलं. मेथी, कोथिंबीर न धुता निवडून कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, धुऊन ठेवलीत की दोन दिवसांत चिकट होते. लसूण सोलून, दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ एवढं हाताशी असलं तरी अर्धं काम होतं. कणीक रात्री मळून तेलाचा हात लावून ठेवा, सकाळी पोळ्या, पण त्यापुढे ठेवू नका, काळी पडते. आठवड्याच्या पोळ्या एकदम करून ठेवणं मला अजिबात पटत नाही. आठवड्याचा बेत ठरवायला ॲप वापरावं का असंही विचारलंय, मला तरी फ्रीजवर चिकटवलेला कागद पुरला.

हां, एक राहिलं, सासूबाई सगळ्याच बाबतीत चुकीच्या नाहीत. ओल्या नारळाचं वाटण फ्रीजरमध्येच ठेवा, खाली दोन दिवसांत वास येतो. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात जंतू वाढून जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही, तेव्हा तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपवा. तुमच्याकडे तासन्‌तास लाइट जात असेल तर फ्रीजरवर भरवसा ठेवू नका, विरघळलेलं वाटण परत गोठवायचं नाही.

आणि सासूबाई बोलल्या तर उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांच्या मुलाला देऊ दे. त्या रात्री माझ्या नवऱ्याने ‘आत्या, उसळ आत्ताच शिजवलीय’ एवढं जरी म्हटलं असतं ना, तरी पिठलं मी आनंदाने टाकलं असतं.