'सेतु' गाजूनही तमिळ दिग्दर्शक बाला यांची कारकीर्द अडखळत का राहिली?

मुख्य कारण त्यांची कामाची पद्धत: बाला एका चित्रपटावर वर्षानुवर्षं घालवतात, विषय अंगावर येणारे निवडतात आणि शेवट सुखद करायला तयार नसतात. दिग्दर्शक बालू महेंद्र यांच्या हाताखाली तयार झालेल्या बालांचा पहिला चित्रपट 'सेतु' (१९९९, हिंदीतला 'तेरे नाम' त्याचाच रीमेक) तयार होऊनही पडून होता, कारण त्या शोकांत शेवटामुळे वितरक हात लावेनात. लागला तोही मोजक्या ठिकाणी. पुढे तोंडी प्रसिद्धीवर चालला आणि त्याचा नायक विक्रमचं नशीब पालटलं. 'नान कडवुळ'साठी आधी नायक म्हणून अजितचं नाव होतं, नंतर आर्या आला आणि प्रदर्शनाला २००९ उजाडलं. त्याच चित्रपटासाठी बालांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे ही चिकाटी वाया जात नाही. सगळ्यात मोठा घाव 'वर्मा'चा. विक्रमच्याच मुलाला घेऊन केलेला तेलुगू 'अर्जुन रेड्डी'चा हा रीमेक २०१९ मध्ये निर्मात्यांनी बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिग्दर्शकाकडून तीच कथा पुन्हा चित्रित करून घेतली. मग 'वणंगान' या चित्रपटातून नायक सूर्या बाहेर पडला. अरुण विजयला घेऊन तो जानेवारी २०२५ मध्ये आला. पंचवीस वर्षांत जेमतेम दहा चित्रपट!

मात्र सगळा दोष परिस्थितीवर टाकता येणार नाही. त्यांचे बहुतेक चित्रपट मी पाहिले आहेत. 'तारै तप्पट्टै'पासून तीच हिंसा आणि तीच वेदना पुन्हा पुन्हा येते, आणि माझ्या मते प्रेक्षक तिथेच दुरावला. सुरुवात करायची तर 'पितामगन' आणि 'परदेसी' पाहा.