35 टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून 0.1 मोलरचं (लिटरला 0.1 मोल) एक लिटर द्रावण कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की गणित करून 10.4 मिली ॲसिड घेतलं, तरी तपासताना ब्युरेटचं (थेंबथेंब सोडायच्या मापाच्या नळीचं)  रीडिंग 10 ऐवजी साडेआठवरच थांबतं. मी खारपाण पट्ट्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. पहिल्या वर्षी मीही नेमकी हीच चूक केली होती.

बाटलीवरचे 35 टक्के वजनाचे असतात. म्हणजे 100 ग्रॅम ॲसिडमध्ये 35 ग्रॅम एचसीएल (शुद्ध हायड्रोजन क्लोराइड). 100 मिलीमध्ये नव्हे. या ॲसिडची घनता मिलीला 1.18 ग्रॅम आहे, तेव्हा एक लिटरचं वजन 1180 ग्रॅम भरतं. त्यातलं एचसीएल 413 ग्रॅम. याला एका मोलच्या वजनानं, 36.46 नं भागा, 11.3 मोलर येतं. आता 0.1 गुणिले 1000 भागिले 11.3, म्हणजे सुमारे 8.8 मिली. तुम्ही घनता सोडून दिली, म्हणून द्रावण 0.118 मोलर झालं.

पण 8.8 घेऊनही 0.1 नेमकं जमेल असं समजू नका. एचसीएल हा मुळात वायू; आपल्याकडच्या मे महिन्यात अर्धी रिकामी बाटली उघडली की धूर निघतोच, आणि तेवढी टक्केवारी उतरते. म्हणून मी 9 मिली घ्यायचो नि खरा आकडा टायट्रेशननं (ब्युरेटमधून सोडून, किती लागतं ते मोजून) काढायचो. फवारणीच्या पंपात झाकणानं औषध टाकतात तसं इथं चालत नाही, पण दशांश मिलीसाठी जीव काढण्यातही अर्थ नाही.

खरी गोची पाण्याची असते. बोअरचं पाणी वापरता का? समजा त्याची अल्कता (आम्ल खाऊन टाकायची ताकद) लिटरला 300 मिलिग्रॅम आहे (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). याला 50 नं भागलं की 6 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे 6 मिलिमोल एचसीएल खाण्याइतकी. तुमच्या लिटरभर द्रावणात आम्ल आहे 100 मिलिइक्विव्हॅलंट, त्यातलं 6 टक्के बायकार्बोनेटच खाऊन टाकतं. त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बॅटरीवाल्याकडे मिळतं, फक्त डबा नीट वाचून घ्या बाप्पा, तिथं ॲसिडही असतं! घरी आणल्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. पाणी दुधाळ झालं तर त्यात क्लोराइड आहे, परत करा.

फ्लास्कमध्ये आधी निम्मं पाणी, मग ॲसिड, हलवून थंड होऊ द्या, शेवटी खुणेपर्यंत पाणी. पिपेट तोंडानं ओढू नका.

तपासायला निर्जल सोडियम कार्बोनेट मुशीत तासभर तापवा, थंड करा, 1.325 ग्रॅम तोलून 250 मिली करा. हे 0.05 मोलर झालं. त्याच्या 10 मिलीत मिथिल ऑरेंज (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) टाकून रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून तुमचं ॲसिड सोडा. बरोबर 10 लागलं तर 0.1. 10.3 लागलं तर 1 भागिले 10.3, म्हणजे 0.097. मग बाटलीच्या चिठ्ठीवर 0.097 आणि तारीख लिहा. त्यात आणखी ॲसिड ओतून 0.1 करायला जाऊ नका.