वाचकांचे प्रश्न : गडगडाट ऐकला की निघायचं

प्रश्न : आमच्याकडे रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, बांधीत (पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यात) पंधरा-वीस बायका असतात. कडाडायला लागलं की सगळ्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) मोहाच्या झाडाखाली गोळा होतात. गाव दोन किलोमीटरवर. मग थांबायचं कुठं?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : मोहाखाली मात्र नक्की नाही. झाडावर पडलेली वीज खोडावाटे खाली येते आणि खोडाला टेकलेला किंवा जवळ उभा असलेला माणूस तिला लाकडापेक्षा सोपी वाट वाटतो, म्हणून ती मधूनच त्याच्या अंगावर उडी घेते. उरलेली मुळांभोवतीच्या ओल्या जमिनीत पसरते आणि पायांतून शिरते. थेट डोक्यावर वीज पडून जितके दगावतात, त्याहून जास्त या दोन तऱ्हांनी दगावतात. वीस जणी एका झाडाखाली असतील तर एकच वीज सगळ्यांना पुरते.

निघायचं कधी, हा खरा प्रश्न आहे. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आसरा घ्या, असा नियम सांगतात. पण तो घराजवळ असलेल्यांसाठी. चिखलातून दोन किलोमीटर तुडवायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात ढग डोक्यावर येतो. तुम्ही पहिला गडगडाट ऐकू आला की निघायचं, ओळ अर्धी राहिली तरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. सगळ्यांचे फोन घरी आणि एकीचा पिशवीत गुंडाळलेला, असं नको. धुऱ्यावर एकाने तो बघत राहायला हवं.

मजूर आणणारी जीप पत्र्याच्या बंद टपाची असेल तर ती परत पाठवू नका, शेताजवळच उभी ठेवा. काचा वर करून आत बसलं की सुरक्षित. वाचवतो तो पत्र्याचा टप, रबरी टायर नव्हे; म्हणून ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल यांचा उपयोग नाही. गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, तेव्हा रोवणी सकाळी लवकर लावलेली बरी.

अगदीच अडकलात तर आधी पाण्यातून बाहेर या. झाड, विजेचा खांब, तारेचं कुंपण यांपासून लांब, एकमेकींत पन्नास फूट तरी अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसा आणि कान झाका. आडवं पडू नका. याने धोका थोडा कमी होतो, जात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुन्हा बांधीत उतरू नका.

प्रश्न : शेतातली खोपडी किंवा टिनाचा कोठा (गोठा) चालेल का? आणि बाभळीखाली बांधलेली ढोरं एकदमच का मरतात?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : खोपडी पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. चारी बाजूंनी उघड्या टिनाच्या कोठ्याचंही तेच. वायरिंग आणि नळाचे पाइप असलेलं पक्कं, बंद घर हवं. त्यातही दार-खिडकीपासून दूर.

ढोरांचं कारण त्यांच्या पायांत आहे. वीज जमिनीत पसरते तेव्हा झाडापासून जसं लांब जावं तसा विजेचा दाब (व्होल्टेज) उतरत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत पाच फुटांच्या आसपास अंतर, म्हणजे दोन टोकांच्या दाबात फरक मोठा, आणि प्रवाहाची वाट छातीतून. ढोरं झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका. कुंपणावर लांब पडलेली वीजही तारेने तुमच्यापर्यंत येते. ढग भरून येण्याआधीच बैल सोडून गावातल्या कोठ्यात न्या. वीज सुरू झाल्यावर दावं सोडायला धावू नका.

जनावर दगावलं तर पुरायची घाई नको. आधी तलाठ्याला कळवून पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन. याविना प्रकरण अडतं. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या आपत्ती मदतीच्या दरांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० ठरले होते. माणूस गेला तर त्याच दरांत वारसांना ४ लाख होते, तिथेही शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखात लोक तो न करताच अंत्यविधी उरकतात आणि पुढे वर्षभर चकरा मारतात.

प्रश्न : आमच्या भागात वीज पडलेल्याला शेणात पुरतात. काही फायदा होतो का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : नाही, उलट माणूस जातो. अंगात वीज साठून राहत नाही, त्यामुळे शेणाला ओढून घ्यायला काही उरलेलंच नसतं; आणि हात लावणाऱ्याला झटकाही बसत नाही. शेणाच्या ढिगात छाती फुगायला जागा मिळत नाही आणि मोलाची मिनिटं वाया जातात.

विजेने हृदय थांबतं, पण बऱ्याचदा आपोआप पुन्हा सुरू होतं. श्वास मात्र त्याहून जास्त वेळ बंद राहतो आणि मग ते हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून इथे तोंडाने श्वास देणं फार महत्त्वाचं. १०८ ला फोन लावायला एकाला सांगा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ३० दाब द्या, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. मग डोकं मागे झुकवून, नाक दाबून दोन श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू. दोन-चार जण पडले असतील तर कण्हणाऱ्याकडे नंतर बघा. तो बहुधा जगतो. निपचित पडलेल्याकडे आधी जा.

प्रश्न : मोबाइलने वीज ओढली जाते, खरं का?
– एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : नाही. चार्जिंगला लावलेला फोन वापरू नका, एवढंच. विळा-कुदळही वीज ओढत नाही. ती फेकायला थांबण्यापेक्षा चालू लागा.

प्रश्न : रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) गुडघाभर पाणी वाहत असेल तर मोटारसायकल काढता येते का?
– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : काढू नका. वेगाचं पाणी घोट्याच्या वर, सहा इंच असलं तरी माणसाचे पाय उखडतं. फूटभर पाण्यात लहान कार तरंगू लागते. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधला भराव वाहून गेलाय, हे वरून दिसतच नाही. तुमच्या गावात पाऊस थांबलेला असला तरी डोंगराकडे पडलेलं पाणी नंतर येतं, त्यामुळे ‘उतरतंय’ म्हणून लगेच गाडी घालू नका; काठावर दगडाची खूण ठेवा आणि पाणी तिच्याखाली जाऊन रपट्याची जमीन उघडी पडेपर्यंत थांबा.